आठ सेकंदांची फीत आणि आपली पायपेटी

आमच्या कुंडल भागात कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. भजनी मंडळात पेटीशेजारी ठेवलेला कॅसिओ, ऑर्केस्ट्रातला कॅसिओ आणि मिरवणुकीत बेंजोच्या जोडीने टेम्पोवर चढलेलाही कॅसिओच. या जपानी कंपनीने ‘कॅसिओटोन २०१’ हे आपले पहिले विजेवरचे स्वरवाद्य १९८० साली बाजारात आणले. वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावे तसे कंपनीचे नाव वाद्याला चिकटले. सामान्य वादकाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत एकाच खोक्यातून बासरी, व्हायोलिन, पियानो असे सगळे ऐकू यावे, हे या खोक्याने पहिल्यांदा आपल्याकडे घडवले.

परंतु एका वाद्याने दुसऱ्या वाद्याचा आवाज काढण्याची ही हौस कॅसिओपेक्षा पुष्कळ जुनी आहे. तिचा सर्वांत विलक्षण टप्पा म्हणजे ‘मेलोट्रॉन’ हे फितीवर चालणारे वाद्य. काही महिन्यांपूर्वी एका ध्वनिमुद्रणासाठी मला तो जुन्या फितीचा थरथरता आवाज हवा होता आणि तोही कुंडलमध्ये बसून, माफक खर्चात. त्या शोधातून इतिहासाचे जे धागे हाती आले, ते इथे मांडतो आहे.

प्रथम मेलोट्रॉन म्हणजे काय ते पाहू. कॅलिफोर्नियातल्या हॅरी चेंबरलिन याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेटीच्या पट्टीखाली टेपरेकॉर्डरची फीत बसवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९६२ साली त्याचा विक्रेता बिल फ्रान्सन दोन वाद्ये घेऊन इंग्लंडला गेला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंकडे त्याने एकसारख्या सत्तर ‘टेप हेड्स’ची मागणी केली, आणि त्यातून १९६३ मध्ये मेलोट्रॉन जन्माला आला. १९७० च्या ‘एम ४००’ या सुटसुटीत आवृत्तीत पस्तीस पट्ट्या होत्या. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर खालच्या पांढरी पाचपासून वरच्या पांढरी चारपर्यंत, म्हणजे तीन सप्तकांना एक स्वर कमी. प्रत्येक पट्टीखाली स्वतंत्र फीत, आणि त्या फितीवर खऱ्या वादकाने वाजवलेला तेवढा एकच स्वर. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्यावर टेकते आणि पुढे सरकू लागते; पट्टी सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढून घेते. फीत गोल जोडलेली नव्हती. त्यामुळे फुंकर मारताना बासरीवाल्याचा स्वर जसा उमटतो, तशी स्वराची सुरुवात टिकून राहायची. मात्र साधारण आठ सेकंदांनी फीत संपायची. वादकाने पट्टी कितीही दाबून धरली तरी पुढे शांतता.

बीटल्सच्या १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्याच्या आरंभी जी बासरी वाजते, ती याच यंत्रातली. ऐकणाऱ्याला ती बासरी वाटते आणि वाटतही नाही. फितीचा वेग किंचित डळमळतो, प्रत्येक पट्टीचा स्वर शेजारच्या पट्टीपेक्षा थोडा निराळा लागतो. आज लोक जो ‘व्हिंटेज’ आवाज शोधतात तो हाच. वाद्याच्या नकलेपेक्षा नकलेतल्या उणिवाच लोकांना हव्याशा वाटू लागल्या.

हे वाद्य निघाले तेव्हा ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेला मात्र त्यात धोका दिसला. तीन व्हायोलिनवाल्यांनी एकदा वाजवून ठेवले की पुढे त्यांना बोलावण्याची गरज काय, असा तो साधा सवाल होता. आपल्याकडेही हा सवाल वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली गाजलेली बीन ही गारुड्याची पुंगी नव्हे. कल्याणजींनी ती ‘क्लॅव्हियोलिन’ या विजेवरच्या छोट्या वाद्यावर वाजवली होती, हे आता सर्वश्रुत आहे. फ्रान्सच्या कॉन्स्टन्ट मार्टिनचे हे वाद्य १९४७ चे. त्या एका आवाजाने पुढच्या पिढ्यांच्या कानांत बीन म्हणजे काय हेच ठरवून टाकले. आज खरी पुंगी ऐकवली तर कित्येकांना तीच खोटी वाटेल.

आमच्याच जिल्ह्यात मिरजेचे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेली तंबोरे आणि सतारी घडवण्याची तिथली परंपरा सर्वांना ठाऊक आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु १९७० च्या दशकाच्या शेवटी बेंगळुरूहून इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आणि रियाजाच्या खोलीतून भोपळ्याचा तंबोरा हळूहळू बाहेर पडू लागला. आता तर मोबाइलमध्येच तंबोरा असतो. तो वाजतो कसा? कुणीतरी कधीतरी छेडलेल्या खऱ्या तारांचा नमुना त्यात साठवलेला असतो. तत्त्व मेलोट्रॉनचेच, फक्त फितीच्या जागी चिप आली.

हा इतिहास कुंडलमधून पाहताना आणखी एक संदर्भ मनात येतो. कुंडल हे औंध संस्थानातले गाव. इथल्याच माळावर, कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना आणि वसाहत उभारली. परदेशी लोखंडी नांगर पाहायचा, आपल्या मातीला आणि आपल्या बैलाला झेपेल असा नांगर घडवायचा आणि तो शेतकऱ्याला परवडेल अशा बेताने विकायचा, हा त्या उद्योगाचा गाभा. बाहेरून आलेली वस्तू नुसती विकत न घेता तिचे तत्त्व उचलायचे, ही शिकवण या परिसराला नवी नाही.

संगीतातही महाराष्ट्राने हेच केले होते. पॅरिसच्या देबेंने १८४० च्या सुमारास पेटंट घेतलेली हार्मोनियम पायाने भाता मारण्याची होती. हिंदुस्थानात तिची हातपेटी झाली आणि ती कीर्तनापासून तमाशापर्यंत सगळीकडे गेली. पायाने वाजवायचा ऑर्गन मात्र संगीत रंगभूमीने आपलासा केला. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे थोर वादक होते. १९१३ साली त्यांनी, बालगंधर्वांनी आणि गणपतराव बोडसांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बालगंधर्वांशी ज्याचे नाव जोडले गेले आहे ते कृष्णाकाठचे नागठाणे आणि आमचे कुंडल आज एकाच पलूस तालुक्यात आहेत. त्या नाट्यगीतांमागे भरून राहणारा ऑर्गनचा धीरगंभीर सूर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तो शब्दांत सांगावा लागत नाही.

या पट्टीच्या वाद्यांवर आक्षेपही तितकेच जुने आहेत. पट्टीवर मींड येत नाही, स्वर बांधलेले असतात, म्हणून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. आक्षेप चुकीचा नव्हता. पण लोकांनी पेटी सोडली नाही, कारण ती परवडत होती आणि हाताशी होती. स्वस्त वाद्याचे सामर्थ्य यातच असते आणि त्याचा धोकाही यातच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खरा मेलोट्रॉन मिळवणे आपल्यासारख्याला शक्य नाही. ‘एम ४००’चे वजनच पन्नास किलोहून अधिक, शिवाय फिती झिजतात आणि दुरुस्ती करणारा मिळणे कठीण. त्या नावाची नवी डिजिटल वाद्ये निघाली आहेत. पण ती हौशी वादकाच्या आवाक्यातली नाहीत. मग स्वस्तातला मार्ग कोणता?

इथे थोडा हिशेब मांडून पाहावा. पस्तीस पट्ट्या, प्रत्येकी आठ सेकंद, म्हणजे दोनशे ऐंशी सेकंद. एका वाद्याचा सबंध मेलोट्रॉन पाच मिनिटांच्या आत संपतो! सीडीच्या दर्जाने, एका वाहिनीवर साठवले तर त्याला सुमारे २५ एमबी जागा लागते. एके काळी हजार पौंडांच्या घरात जाणारे हे यंत्र आज माहितीच्या दृष्टीने लग्नातल्या एका व्हिडिओपेक्षाही लहान आहे. म्हणून महागड्या नावामागे धावण्याचे कारण नाही. बाहेरचे नमुने आत घेण्याची सोय असलेला कोणताही जुना, वापरलेला कीबोर्ड चालतो.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, प्रत्येक पट्टीला वेगळा नमुना देता येतो का? १९८० च्या दशकातला कॅसिओचा छोटा ‘एसके १’ जेमतेम दीड सेकंदाचा एकच आवाज साठवून तो सगळ्या पट्ट्यांवर पसरवायचा. वरच्या पट्टीवर आवाज घाईने पळायचा, खालच्या पट्टीवर रेंगाळायचा. ती गंमत निराळी, पण तो मेलोट्रॉन नव्हे. दोन, जोरात किंवा हळू दाबल्याने आवाज बदलण्याची सोय बंद करता येते का? फितीला बोटाचा जोर कळत नसे. तीन, नमुना पुन्हा पुन्हा फिरवण्याची सोय बंद करता येते का? कारण आठ सेकंदांनंतरची शांतता हा त्या वाद्याचा श्वास आहे.

हे सारे जमल्यावर शेवटी एकच प्रश्न उरतो: त्यात आवाज कुणाचा भरायचा? साठ वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेतल्या ज्या बासरीवाल्यांनी आणि व्हायोलिनवाल्यांनी एकेक स्वर वाजवून दिला, त्यांचे सूर जगभर वाजतात, नावे मात्र ऐकणाऱ्यांना माहीत नसतात. त्यांची उसनवारी आपण पुन्हा करायची, की आपला सूर साठवायचा? जुने ऑर्गन अजून काही नाट्यगृहांत, काही घरांत आहेत. भाते फाटत आहेत, सूर बसत चालले आहेत, आणि वाजवणारी माणसे वयस्क झाली आहेत. अशा एका ऑर्गनच्या पस्तीस पट्ट्या, प्रत्येकी आठ सेकंद, भात्याच्या सुस्काऱ्यासकट ध्वनिमुद्रित करायला एक दुपार पुरते. प्रत्येक स्वर वेगळा साठवल्यामुळे गंधार-निषाद आपल्या गायकीला हवे तसे लावूनही घेता येतात. मींड नाही तरी निदान पट्टीच्या वाद्यावरचा बेसूरपणाचा आरोप तरी सौम्य होईल. अट एवढीच की वाजवणाऱ्याचे नाव त्या संचावर लिहिलेले असावे आणि त्याच्या कामाचा मोबदला त्याला मिळालेला असावा.

माझे काम मी असेच सुरू केले आहे. जुना कीबोर्ड सांगलीत घेतला. त्यातले आयते आवाज अजून ऐकले नाहीत. आतापर्यंत अकरा पट्ट्या भरल्या आहेत, चोवीस उरल्या आहेत.