गाडीआधी कागद

एस.टी. येण्याआधी महाराष्ट्रात ‘सर्व्हिस मोटार’ धावत असे. मालक खासगी, आणि सुटण्याची वेळ बहुधा गाडी भरेल तेव्हाची. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने या धंद्यात गाडीच्या आधी कागद आणला. तो म्हणजे परमिट.

‘स्टेज कॅरेज’ कशाला म्हणायचं तेही कायद्याने ठरवलं. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणारी आणि प्रत्येक उतारूकडून वेगळं भाडं घेणारी गाडी, मग तो पूर्ण मार्गाला जावो की एका टप्प्याला. मराठी सरकारी कागदांत तिचं नाव झालं ‘टप्पा वाहतूक’. एस.टी.चं भाडंही सहा किलोमीटरच्या टप्प्यानेच मोजलं जातं.

परमिटाचा अर्ज नीट वाचला तर अख्खी सर्व्हिस डोळ्यांपुढे उभी राहते. मार्ग कोणता, बैठक किती? दिवसाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त फेऱ्या किती, वेळापत्रक काय? राखीव गाड्या किती? गाड्या ठेवायच्या कुठे, दुरुस्ती कुठे? उतारूंची सोय काय, त्यांचं सामान कोण सांभाळणार? उतारूचं गाठोडंसुद्धा कायद्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

अर्ज सहा आठवडे आधी द्यायचा. प्रादेशिक परिवहन प्राधिकरण तो प्रसिद्ध करी आणि हरकतींसाठी किमान तीस दिवस देई. हरकत आली की सुनावणी उघडपणे व्हायची, अर्जदार आणि हरकतदार दोघांना बोलू देऊन. त्या मार्गावर आधीपासून कुठल्याही साधनाने उतारू नेणाऱ्याला बोलता येई, म्हणजे रेल्वेलाही. स्थानिक संस्था आणि पोलिसांचंही म्हणणं विचारात घेतलं जाई. एकट्यादुकट्या उतारूचा मात्र या यादीत वेगळा उल्लेख नव्हता, आणि कायद्यातली ही उणीव मोठी होती.

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर राज्याची पहिली एस.टी. निघाली आणि चित्र पालटू लागलं. आता सरकारच गाडीमालक झालं. देशभर खासगी मालक कोर्टात गेले. उत्तर प्रदेशातल्या सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तिथल्या सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द ठरवला. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवण्याचा धंदा हा नागरिकाचा हक्क आहे, हा त्यातला मुद्दा. मग १९५६च्या दुरुस्तीने राष्ट्रीयीकरणाच्या योजनांना कायद्यात नवं प्रकरण मिळालं. आंध्रातल्या अशाच एका योजनेवर हरकती ऐकल्या परिवहन सचिवांनी आणि निकाल दिला मुख्यमंत्र्यांनी. ज्याने ऐकलं त्यानेच ठरवायला हवं, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ही सुनावणीची शिस्त त्या काळाची खरी कमाई होती.

१ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने परमिट सहसा नाकारू नये असं म्हटलं. पुढे १९९१ मध्ये मिथिलेश गर्ग खटल्यात जुन्या गाडीमालकांची नव्या परमिटांविरुद्धची तक्रार टिकली नाही. राष्ट्रीयीकृत मार्गांवर मात्र निर्बंध राहिले.

त्यामुळे गावात बस हवी असेल तर आजही ग्रामपंचायतीचा ठराव एस.टी.च्या आगारात जातो. त्या ठरावात मार्ग असतो, फेऱ्या असतात आणि पोरांची शाळा किती वाजता सुटते तेही लिहिलेलं असतं.