नाव पुढे कोण करतं?



आज सिनेमाविषयी बोलायचं आहे, पण नटनट्यांच्या गप्पा मारायच्या नाहीत. दरवर्षी गणपती-नवरात्राच्या सुमारास पेपरात बातमी येते, की भारताकडून ऑस्करला यंदा अमुक सिनेमा चालला. मग दिवाळी होईस्तोवर अंदाज सुरू. नाव लागणार, नाही लागणार, लागलंच पाहिजे! डिसेंबरात पंधरा सिनेमांची यादी येते, जानेवारीत त्यातली पाच नावं उरतात. बहुतेक वर्षी त्या पाचांत आपलं नाव नसतं. मग हळहळ होते, थोडी चिडचिड होते, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा. हे असं का होतं, याचा थोडा इतिहास आज पाहू.

आधी ‘नामांकन’ म्हणजे काय ते बघू. ग्रामपंचायतीची निवडणूक डोळ्यांपुढे आणा. पाड्यातली एखादी बाई सगळ्यांच्या अडीनडीला धावते, सगळे तिला मानतात. पण तिचा अर्जच भरला गेला नाही, तर तिला मत कसं देणार? यंत्रावर तिचं नावच नसतं. सिनेमाच्या पुरस्काराचंही तसंच आहे. बक्षीस कुणाला मिळालं हे सगळे विचारतात. त्याआधी नाव पुढे कुणी केलं, हे फार कुणी विचारत नाही.

ऑस्कर हे अमेरिकेतल्या सिनेमावाल्यांच्या अकादमीचं बक्षीस. ते 1929 पासून दिलं जातं. इंग्रजीबाहेरच्या सिनेमांसाठी वेगळी स्पर्धा 1956 सालच्या सिनेमांपासून सुरू झाली. नियम असा, की एका देशानं एकच सिनेमा पाठवायचा. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची निवड समिती ठरवते. म्हणजे पहिली चाळणी इथंच, आपल्या देशात लागते. दुसरी चाळणी तिकडच्या सभासदांची, पंधरा नावांची. तिसरी पाच नावांची. त्यानंतर शेवटचं मतदान.

भारतानं पहिल्यांदा पाठवलेला सिनेमा होता 1957 सालचा ‘मदर इंडिया’. त्याचे दिग्दर्शक मेहबूब खान मूळचे बिलिमोऱ्याचे. डहाणू रोडहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत लागतं, तेच बिलिमोरा. सिनेमातली राधा सावकाराच्या कर्जात अडकलेली. जमीन गेली, नवरा गेला, तरी ती नांगर धरते. तलासरी-डहाणूच्या बायांना ही गोष्ट परकी नव्हती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायची, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ती वेठ मोडण्यासाठी 1945 साली झरीला सभा भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकर इथं आले, आणि वारल्यांचा उठाव झाला. या सगळ्याला बारा वर्षं होत होती, तेव्हा राधा पडद्यावर आली.

‘मदर इंडिया’ला नामांकन मिळालं. बक्षीस मात्र 1958 साली फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ला गेलं. ‘मदर इंडिया’ एका मतानं हरला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती मोठ्या आवडीनं सांगितली जाते. पण अकादमी कुणाला किती मतं पडली ते जाहीर करत नाही. मग ते एक मत मोजलं कुणी? मला वाटतं, ही गोष्ट आपल्या मनाच्या समाधानासाठी टिकून राहिली. थोडक्यात हुकलं म्हटलं की दुःख हलकं होतं.

त्यानंतर पाचांत नाव यायला तीस वर्षं लागली. 1988 सालचा मीरा नायर या बाईंचा ‘सलाम बॉम्बे’ तिथवर पोचला. मग 2001 सालचा आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’. या विभागात भारताची नामांकनं आजवर एवढीच, तीन. बक्षीस एकदाही नाही.

पण याच काळात एका मराठी बाईनं ऑस्कर घरी आणलं होतं. कोल्हापूरच्या भानू अथैया. ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत 1983 साली ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांचं नाव कुठल्या वाटेनं गेलं हे बघण्यासारखं आहे. ‘गांधी’ इंग्रजी सिनेमा. त्यामुळे आपल्याकडच्या समितीनं एकच सिनेमा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय वेशभूषेची नामांकनं वेशभूषेचं काम जाणणारे सभासद करतात. लुगडं कसं नेसवलंय, खादीचा पोत कसा दिसतोय, याची पारख असलेल्या लोकांसमोर काम गेलं. पुढे ‘लगान’मधले कपडेही त्यांचेच. वय झाल्यावर, 2012 साली, त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत पाठवली, नीट जपली जावी म्हणून. 2020 साली त्या गेल्या.

आता मराठी सिनेमाकडे येऊ. देशातला पहिला सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीनंच मिळवला होता, 1954 साली, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नं. त्यानंतर तसा मान मराठीला मिळायला पन्नास वर्षं गेली. 2004 साली तो संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला मिळाला. कोकणातला आजोबा नातवाला पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन येतो. पोराच्या डोळ्यांत कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि हे त्या लेकराला सांगायचं कसं? दूरच्या मोठ्या दवाखान्यात कागद हातात धरून बसलेल्या कुणालाही हा सिनेमा कळतो.

त्याच वर्षी ‘श्वास’ भारताकडून ऑस्करला गेला. असा मान मिळालेला तो पहिला मराठी सिनेमा. महाराष्ट्रात तेव्हा घरचं कार्य असावं तसं वातावरण होतं. पण निवड झाली म्हणजे सगळं झालं, असं नव्हतं. तिकडच्या सभासदांनी सिनेमा बघायला हवा, त्यासाठी खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, माणसं तिथं जाऊन राहावी लागतात. एवढा पैसा छोट्या सिनेमाकडे कुठून असणार? मग मदत गोळा झाली. शाळेतल्या मुलांनी पणत्या विकून पैसे दिले, नाटकवाल्यांनी प्रयोगाचं उत्पन्न दिलं, सरकारनंही रक्कम जाहीर केली. जानेवारी 2005 मध्ये नावं आली, त्यांत ‘श्वास’ नव्हता.

लोकांना वाईट वाटलं. पण त्या पणत्यांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. आपल्या भाषेतल्या सिनेमाचं नाव पुढे जावं म्हणून साध्या माणसांनी खिशात हात घातला, असं त्याआधी कधी झालं होतं?

पुढे 2009 साली परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ गेला. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, त्याची ही गोष्ट. त्यात सरस्वतीबाई फाळके दिसतात. त्या काळी फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत, ते काम त्या करत. रसायनं कालवत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधत, आणि पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी दिले. सरकारनं 1969 पासून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला, आणि पहिला मान देविकाराणींना, म्हणजे एका बाईला दिला, हे चांगलंच झालं. पण सरस्वतीबाईंचं नाव किती जणींना ठाऊक आहे? त्यानंतर 2015 साली चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ गेला. एका लोकशाहिरावरच्या खटल्याचा तो सिनेमा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला आधीच बक्षिसं मिळाली होती, तरी ऑस्करच्या यादीत तो आला नाही. म्हणजे मोठ्या महोत्सवाचं बक्षीस बघून केलेला अंदाजही चुकू शकतो.

आता 2024 सालाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्या वर्षी बायकांच्या दोन सिनेमांची नावं एकदम चर्चेत होती. एक किरण रावांचा ‘लापता लेडीज’. आगगाडीत घुंघटामुळे दोन नवऱ्या अदलाबदल होतात, आणि त्यातली एक स्टेशनवर हरवते. दुसरा पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. मुंबईत काम करणाऱ्या दोन मल्याळी नर्सा आणि त्यांच्या दवाखान्यात स्वयंपाक करणारी पार्वती यांची ही गोष्ट. पार्वतीचं चाळीतलं घर बिल्डरमुळे जातं आणि ती रत्नागिरीकडच्या गावी परतते. कान महोत्सवात या सिनेमाला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मान मिळाला होता. गंमत म्हणजे दोन्ही सिनेमांत आपली छाया कदम आहे. पहिल्यात स्टेशनवर चहाभजी विकणारी मंजू माई, दुसऱ्यात पार्वती.

निवड झाली ‘लापता लेडीज’ची. सिनेमा गोड होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण निवडणारी समिती तेरा जणांची, आणि तेराही पुरुष. त्यांनी काढलेल्या निवेदनाची सुरुवातच अशी, की भारतीय स्त्री म्हणजे शरण जाणं आणि सत्ता गाजवणं यांचं विचित्र मिश्रण आहे. देशभरातल्या बायांनी त्यावर टीका केली. दुसऱ्या सिनेमाबद्दल फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं, की भारतात घडणारा युरोपचा सिनेमा बघतोय असं समितीला वाटलं. मुंबईतल्या चाळीतून हाकलली गेलेली स्वयंपाकीण यांना युरोपातली वाटावी?

डिसेंबरात पंधरा नावांची यादी आली. ‘लापता लेडीज’ त्यात नव्हता. पण एक हिंदी सिनेमा होता! संध्या सुरी यांचा ‘संतोष’. नवऱ्याच्या जागी पोलीस शिपाई झालेल्या बाईची ती गोष्ट, आणि तो सिनेमा पाठवला होता ब्रिटननं. म्हणजे सिनेमा हिंदी, बाई आपल्याकडची, आणि नाव पुढे केलं दुसऱ्या देशानं.

म्हणून मी म्हणते, अंदाज करताना नुसता सिनेमा बघू नका, निवडणारे बघा. समितीत कोण आहे, बाया किती, कुठल्या भाषेचे लोक किती? सिनेमा तिकडे दाखवायला पाठीशी कोण आहे, पैसा कुणाचा? आणि ज्यांनी मत द्यायचं, त्यांना ही गोष्ट आपली वाटेल का? एवढं विचारून पाहिलं तर तुमचा अंदाज टीव्हीवरच्या जाणकारांपेक्षा फार मागे राहायचा नाही. आणि नाव लागलं नाही तरी सिनेमा कमी प्रतीचा होता, असं मनाला लावून घ्यायचं कारण उरत नाही.

हे आपल्या भागालाही लागू आहे. लग्नाचा चौक लिहिण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणींचं. धवलेरी गाते, तेव्हा लग्न लागतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर आले, ते आधी बायांकडेच. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी चौकाबाहेर पडून शेत, शिकार, मासेमारी, नाच, सगळं कागदावर आणलं. त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि तो मान त्यांच्या हाताला शोभणाराच होता. पण त्यांच्याआधी ज्यांनी भिंती लिहिल्या, त्या बायांपैकी फारच थोड्यांची नावं बाहेर गेली. भिंतीवर सही नसते. दुसऱ्या लग्नाच्या वेळी भिंत पुन्हा सारवली जाते, आणि लिहिणारीचं नाव तिच्याबरोबरच जातं.

आता मोबाइल घरोघरी आहे. पाड्यावर लग्न असेल तेव्हा चौकाचा फोटो काढालच. त्याच्याखाली लिहिणाऱ्या बायांची नावं पण लिहा, धवलेरीचं नाव लिहा, पाडा लिहा, साल लिहा. शाळेच्या कार्यक्रमाला, महिला मेळाव्याला कुणाचा सत्कार करायचा हे ठरत असेल, तेव्हा त्या बैठकीला जाऊन बसा. हार घालण्याच्या दिवशी तर सगळेच येतात. नावं ठरतात त्या दिवशी आपण तिथं असायला हवं.

आणि जानेवारीत ऑस्करची पाच नावं येतील, तेव्हा आपला अंदाज आधी वहीत लिहून ठेवा. कुणाचा खरा ठरतो ते बघू. तोवर राम राम.