बिनतारी माऊस : दहा हजार रुपये कशासाठी मोजायचे?

अलोरे (ता. चिपळूण) : संगणक घेताना ग्राहक प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क यांची बारकाईने चौकशी करतो. दिवसभर ज्या वस्तूवर हात ठेवावयाचा, तो माऊस मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. साधा तारेचा माऊस तीन-चारशे रुपयांत मिळतो; ‘लॉजिटेक’च्या ‘एमएक्स मास्टर’ मालिकेतील बिनतारी माऊससाठी दहा हजार रुपयांच्या आसपास रक्कम मोजावी लागते. २०२० च्या टाळेबंदीनंतर गावाकडच्या घरातूनच मुंबई-पुण्याच्या कार्यालयाचे काम करणारा वर्ग कोकणातही निर्माण झाला. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या अलोरे परिसरात राहून असे काम करणाऱ्याने ही रक्कम खर्चावी काय, याचा हा आढावा.

लाकडी ठोकळ्यापासून लेसरपर्यंत

अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास पहिला माऊस लाकडी खोक्यात तयार झाला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. स्वित्झर्लंडमध्ये ‘लॉजिटेक’ची स्थापना १९८१ साली झाली. या कंपनीने २००४ साली लेसरवर चालणारा ‘एमएक्स १०००’ हा बिनतारी माऊस बाजारात आणला. ‘एमएक्स मास्टर’ची पहिली आवृत्ती २०१५ मध्ये, ‘३ एस’ ही आवृत्ती २०२२ मध्ये आणि चौथी २०२५ मध्ये आली.

जादा पैशांत काय मिळते?

पहिला लाभ मधल्या चाकाचा. ‘३ एस’मधील चाक विद्युतचुंबकाच्या साहाय्याने फिरते. हळू फिरवल्यास ते एकेक ओळ सरकवते, जोराने फिरवल्यास मोकळे सुटते आणि सेकंदाला सुमारे हजार ओळी मागे टाकते, असा कंपनीचा दावा आहे. हजारो ओळींचे हिशेबाचे तक्ते तपासणाऱ्यास याचे मोल लगेच कळते.

दुसरा लाभ जास्तीच्या बटणांचा. त्यांना आपल्या सोयीची कामे नेमून देता येतात. मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही टंकलेखन करणाऱ्याने कळफलकाची भाषा बदलण्याचे काम अंगठ्याच्या बटणाकडे सोपवावे. दिवसातून शेकडो वेळा करावी लागणारी खटपट वाचते. एकच माऊस तीन संगणकांना आलटून पालटून जोडता येतो, तसेच तो काचेच्या टेबलावरही चालतो. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर बॅटरी सत्तर दिवसांपर्यंत पुरते, तर एका मिनिटाच्या चार्जिंगवर तीन तास काम होते, असे कंपनी सांगते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात ही सोय दुय्यम मानता येणार नाही.

आकड्यांना भुलू नये

खोक्यावर ठळकपणे छापलेला ८००० डीपीआय हा आकडा मात्र खरेदीचे कारण ठरू नये. माऊस एक इंच सरकवल्यावर बाण पडद्यावर किती बिंदू पुढे जातो, हे त्यातून कळते. पडदा १९२० बिंदूंचा असेल, तर १००० डीपीआयवर दोन इंचांच्या आत बाण या टोकाहून त्या टोकाला पोहोचतो. ८००० वर पाव इंचही पुरतो, आणि मग बाण आवरता आवरत नाही. खेळांसाठीही हा माऊस योग्य नव्हे. तो आपली जागा संगणकाला सेकंदाला १२५ वेळा कळवतो, तर खेळांसाठीचे माऊस हजार वेळा किंवा त्याहूनही अधिक. शिवाय १४१ ग्रॅम वजनाचा ‘३ एस’ केवळ उजव्या हातासाठी घडवला आहे. डावखुऱ्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

कोकणच्या हवेची कसोटी

चिपळूण परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अनेक महागड्या माऊसवर पकडीसाठी रबरासारखा मऊ लेप असतो. उष्ण व दमट हवेत तसेच हाताच्या घामाने असा लेप कालांतराने विघटित होऊन चिकट होतो किंवा त्याचे पोपडे निघतात. साधे कठीण प्लास्टिक दिसावयास सामान्य, पण या हवेत अधिक टिकाऊ. दुसरा दोष बटणाखालच्या स्विचचा. त्यातील धातूच्या पट्ट्या झिजल्या किंवा गंजल्या, की एकदा दाबूनही दोनदा दाबल्याची नोंद होऊ लागते. किंमत जास्त म्हणून ही झीज टळत नाही. त्यामुळे वॉरंटीची मुदत व माऊस बदलून देण्याची पद्धत पावतीवरच लिहून घ्यावी. पावसाळ्यात माऊस कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावा.

मनगट आणि खिसा

हाताला आधार देणारा आकार थकवा कमी करू शकतो. परंतु महागडा माऊस मनगटाचा विकार टाळतो, असे समजणे चूक ठरेल. टेबलाची उंची, कोपराला आधार आणि अधूनमधून विश्रांती यांचा वाटा मोठा असून त्यांना फारसा खर्च नाही. मनगटात मुंग्या येत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे, खरेदी नंतर.

आता हिशेब. दहा हजारांचा माऊस पाच वर्षे टिकला, तर वर्षाला दोन हजार, म्हणजे कामाच्या अडीचशे दिवसांत रोजचे आठ रुपये पडतात. चारशेचा माऊस दरवर्षी बदलला, तरी पाच वर्षांत खर्च दोनच हजार. मात्र महागडा माऊस दोन पावसाळ्यांतच निकामी झाला, तर त्याचा रोजचा खर्च वीस रुपयांवर जातो.

तेव्हा रोज सहा-आठ तास लांबलचक तक्ते, आराखडे किंवा दोन संगणक हाताळणाऱ्यास ही खरेदी परवडते. पत्रव्यवहार आणि बातम्या वाचण्यापुरता संगणक वापरणाऱ्यास हजार रुपयांच्या आतील बिनतारी माऊस पुरेसा आहे. दोघांनीही शक्यतो दुकानात जाऊन माऊस पाच मिनिटे हातात धरून पाहावा. आपल्या तळव्याला तो बसतो की नाही, हे कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते.