मृत ताऱ्याभोवतीचे ग्रह : १९९२ सालची एक माघार आणि एक शोध

१/७ सूर्यमालेबाहेरचे ग्रह प्रथम निश्चितपणे सापडले ते १९९२ साली, आणि तेही एका मृत ताऱ्याभोवती! या शोधाच्या इतिहासात एका माघारीलाही मानाचे स्थान आहे. त्याचीच ही कथा.

२/७ अवाढव्य ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरणारा, जेमतेम वीसेक किलोमीटर व्यासाचा, वेगाने फिरणारा गाभा म्हणजे पल्सर. त्याची रेडिओ स्पंदने घड्याळासारखी नियमित असतात. भोवती ग्रह असल्यास त्याच्या ओढीने पल्सर किंचित हेलकावतो आणि स्पंदने कधी अंमळ लवकर, कधी उशिरा पोहोचतात.

३/७ जुलै १९९१. इंग्लंडमधील जोडरेल बँक वेधशाळेचे अँड्र्यू लाइन व सहकाऱ्यांनी असा एक ग्रह जाहीर केला. परिभ्रमणकाळ सहा महिने. जगभर गाजावाजा झाला.

४/७ तिकडे प्युएर्तो रिकोतील अरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण १९९० साली दुरुस्तीमुळे नेहमीच्या वेधांसाठी बंद होती. त्यामुळे पोलिश खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर वोल्शचान यांना निरीक्षणास भरपूर वेळ मिळाला. कन्या तारकासमूहात त्यांना सेकंदाला सुमारे १६१ फेऱ्या घेणारा पल्सर आढळला; पण त्याच्या स्पंदनांचे गणित जुळेना. डेल फ्रेल यांनी न्यू मेक्सिकोतील दुर्बिणींच्या साहाय्याने त्याचे स्थान स्वतंत्रपणे, अचूक मोजले. निष्कर्ष : सुमारे ६७ आणि ९८ दिवसांत प्रदक्षिणा घालणारे दोन ग्रह. ९ जानेवारी १९९२ रोजी ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

५/७ त्याच महिन्यात अटलांटा येथील परिषदेत दोघांचीही भाषणे होती. लाइन यांच्या ध्यानात आले होते, की आपल्या पल्सरचे गृहीत धरलेले स्थान किंचित चुकले आहे. त्यामुळे पृथ्वीच्याच लंबवर्तुळाकार कक्षेचा परिणाम हिशेबात उरला आणि सहा महिन्यांच्या ग्रहाचा भास झाला. ग्रह नव्हताच! हे त्यांनी व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगितले. सभागृहाने उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला.

६/७ लगेच बोलायला उभे राहिले वोल्शचान. त्यांचेही ग्रह असेच विरतील काय, ही शंका रास्तच होती. पण फ्रेल यांच्या मोजमापाने ती वाट आधीच बंद केली होती. १९९४ साली दोन्ही ग्रहांची परस्परांवरील ओढही स्पंदनांत दिसली. शिवाय चंद्राच्या दुपटीहूनही हलका तिसरा ग्रह हाती लागला.

७/७ सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह १९९५ साली जाहीर झाला. २०१९ चे नोबेल त्याच्या संशोधकांना लाभले. मात्र अन्य ताऱ्यांनाही ग्रह असतात, याचा पहिला भक्कम पुरावा दिला तो एका विझलेल्या ताऱ्यानेच.