दप्तर दिरंगाई आणि सात दिवसांचा टाइमआउट

गेल्या शनिवारी कोड लिहायचा कंटाळा आला, म्हणून चक्क एक कायदा वाचायला घेतला. नावानेच दम लागतो: 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५'. लोक त्याला 'बदल्यांचा कायदा' किंवा 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. पण बदली आणि दिरंगाई एकाच कायद्यात कशी काय?

जरा विचार केला की उलगडतं. साहेबांची बदली कधीही होऊ शकत असेल, तर अडलेल्या फायलीचा जाब विचारायचा कोणाला? नवे साहेब म्हणणार, "मी कालच चार्ज घेतलाय." शिवाय बदली ज्याच्या हातात, त्याचा फोन आला की फाइल पळते किंवा थांबते. माहिती अधिकाराच्या जोडीने अण्णा हजारेंनी हीही मागणी लावून धरली होती. १ जुलै २००६ पासून कायदा लागू झाला.

त्यात काय आहे? एका पदावर सर्वसाधारणपणे ३ वर्षं. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. एका टेबलावर फाइल सहसा ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहायची नाही. दुसऱ्या खात्याकडे पाठवायची नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, पाठवायची असेल तर ३ महिन्यांत. मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. आपल्या भाषेत, प्रत्येक टेबलाला टाइमआउट!

पण फटी आहेतच. 'अपवादात्मक परिस्थितीत किंवा विशेष कारणास्तव', लेखी कारण देऊन मुदतीआधी बदली करता येते. ते कारण खरंच विशेष होतं का, यावर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, वाद चालतात. कर्मचाऱ्याला निदान मॅट तरी आहे. आपलं काय? उशिराबद्दल कारवाई करणार त्याच खात्यातले वरिष्ठ. म्हणजे टाइमआउट आहे, पण अलार्म वाजतो तो आतल्या आत.

तो अलार्म बाहेर आला २०१५ मध्ये, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर खात्यात दोन अपिलं, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. यादीत नसलेल्या कामांना मात्र जुन्या कायद्याचाच आधार.

म्हणून मंडळी, फाइल अडली तर माहिती अधिकारात तिचा प्रवास मागा: कुठल्या टेबलावर कधी आली, कधी पुढे गेली. कायद्यातले सात दिवस कोणीतरी बाहेरून मोजले, तरच ते सात राहतात.