संगिनींचे संग्रहण

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जोडावयाच्या अणकुचीदार पात्यास संगीन म्हणतात. ब्रिटिश लष्करातील जुन्या संगिनी जमवून त्यांचा कालानुक्रम लावणे, हा शस्त्राभ्यासाचा एक भाग मानला जातो. महाराष्ट्रात या संग्रहास विशेष अर्थ आहे. कारण हे शस्त्र मराठ्यांविरुद्ध वापरले गेले आणि पुढे मराठी सैनिकांनीही ते ब्रिटिश सैन्यात वागविले.

संगिनीचा प्रसार सतराव्या शतकात फ्रान्समधून झाला. आरंभीची संगीन नळीच्या तोंडात खुंटीसारखी बसवीत. त्यामुळे ती लावल्यावर गोळी झाडता येत नसे. स्कॉटलंडमधील किलीक्रँकीच्या लढाईत (१६८९) सरकारी सैन्याला हा दोष भोवला. नळीभोवती बसणाऱ्या संगिनीने ही अडचण दूर केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची संगीन त्रिकोणी छेदाची व सु. ४३ सेंमी. लांब पात्याची होती. महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या द बॉइनच्या कवायती पलटणींनाही संगिनी दिलेल्या होत्या.

कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये गडकऱ्यांनी उठाव केला. किल्ल्यांकडील जमिनींच्या व्यवस्थेत झालेला बदल हे त्याचे प्रमुख कारण होते. बिद्री (ता. कागल) हे कोल्हापूर–गारगोटी मार्गावरील गाव. त्याच्या दक्षिणेकडील भुदरगड आणि गडहिंग्लजजवळील सामानगड ही उठावाची प्रमुख ठाणी होत. कंपनीच्या फौजेने ऑक्टोबरमध्ये सामानगड व डिसेंबरमध्ये पन्हाळा घेतला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या देशी पायदळाच्या शिपायांनी उठाव केला, तेव्हा कंपनीने दिलेली शस्त्रे कंपनीवरच उगारली गेली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी ब्रिटिशांच्या बाजूने मेसोपोटेमियात लढल्या.

संग्राहकांना सर्वाधिक परिचित असलेली संगीन १९०७ च्या नमुन्याची होय. तिचे पाते सु. ४३ सेंमी. असून मुठीजवळचा आकडा १९१३ मध्ये काढून टाकण्यात आला. म्हणून आकडा शाबूत असलेले नमुने दुर्मिळ आहेत. पात्याच्या मुळाशी राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, नमुन्याचे वर्ष, तपासणीचा महिना व साल आणि उत्पादकाचे नाव कोरलेले असते. दुसऱ्या बाजूस सरकारी मालकीदर्शक बाण व तपासनिसांच्या खुणा आढळतात. ही संगीन भारतात ईशापूर येथेही तयार होत असे. दुसऱ्या महायुद्धकाळात भारतात सु. ३० सेंमी. पात्याच्या आखूड संगिनी बनल्या, तर ब्रिटनने सु. २० सेंमी. लांबीची, केवळ भोसकण्याच्या उपयोगाची खिळ्यासारखी संगीन काढली.

संगीन घासून चकचकीत केल्यास या खुणा पुसट होतात आणि तिचे पुराव्याचे मूल्य घटते. म्यान वेगळ्या संगिनीचे असणे व खुणा मागाहून ठोकलेल्या असणे, या बाबीही तपासाव्या लागतात. शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांच्या वर्गात संगिनीचा निर्देश आहे. तसेच पुरावशेषविषयक १९७२ च्या अधिनियमान्वये शंभर वर्षांहून जुने पुरावशेष परदेशी पाठविण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे.

घरात वारशाने आलेल्या संगिनीबरोबर सैनिकाचे नाव, गाव, पलटण व मोहीम यांची नोंद राहिली, तर ती स्थानिक इतिहासाचे साधन ठरते. ही माहिती वृद्धांच्या स्मरणाबरोबर लोपली, तर मागे केवळ लोखंड उरते.