बरगड्यांचे ऋण

पुरुषाच्या शरीरात स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते, असा समज आपल्या कित्येक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामागे उत्पत्तीच्या पुस्तकातील आदामाच्या निद्रेची कथा आहे हे उघडच आहे. वस्तुतः आदामाच्या वंशजांना एक बरगडी कमी मिळेल, असे त्या कथेत कोठेही म्हटलेले नाही. तेथे आलेला ‘त्सेला’ हा हिब्रू शब्द पवित्र शास्त्रात कराराच्या कोशाच्या बाजूसाठीही योजलेला आहे. म्हणजे त्याचा अर्थ ‘कूस’ किंवा ‘बाजू’ असाही होतो. स्त्री ही पुरुषाच्या बाजूची, त्याच्या बरोबरीची, हे त्या कथेचे सांगणे आहे. हाडांची मोजदाद हा तिचा विषय नव्हे.

ती मोजदाद करावयास माणसाला माणसाचेच शरीर उघडावे लागले. त्या शोधाचा इतिहास आपल्या माटुंग्याच्या वेशीपर्यंत कसा येऊन पोहोचतो आणि त्यात कोणाचे देणे आपल्याकडे बाकी राहते, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

प्रथम रचना पाहू. छातीच्या पिंजऱ्यात एकूण ३७ हाडे आहेत. पाठीकडे १२ मणके, दोन्ही बाजूंस मिळून २४ बरगड्या आणि समोर उरोस्थी. ही गणना स्त्री आणि पुरुष दोघांतही सर्वसाधारणपणे सारखीच असते. बरगड्यांच्या वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. त्यांखालील ३ जोड्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात, तर शेवटच्या २ जोड्या समोरून मोकळ्याच राहतात. आपण याला पिंजरा म्हणतो खरे, परंतु हा पिंजरा हलता आहे. श्वास घेताना वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्याप्रमाणे पुढे उचलल्या जातात. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूंस वर येतात. त्याच वेळी श्वासपटल खाली सरकते, छातीतील जागा वाढते आणि हवा आत येते. हृदय आणि फुप्फुसे यांचे रक्षणही करावयाचे आणि त्यांना जागाही द्यावयाची, अशी दोन्ही कामे ही हाडे जन्मभर करीत असतात.

हे ज्ञान एका दिवसात हाती आले नाही. चरकसंहितेत शरीराची हाडे ३६० सांगितली आहेत, तर सुश्रुतसंहितेत ३००. आज प्रौढ माणसाची हाडे २०६ मानली जातात. हा फरक अज्ञानापोटी पडला असे समजू नये. चरकाने बरगड्या २४च मोजल्या आहेत. मात्र त्यांची बैठकीची स्थाने २४ आणि त्यांवरील उंचवटे २४ हेही वेगळे धरले आहेत. सुश्रुतही दोन्ही बाजूंची मिळून ७२ हाडे सांगतो. मृत शरीर गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि मग हळूहळू घासून त्याचा एकेक थर पाहावा, अशी त्याची पद्धती आहे. पुढे मात्र ही परंपरा आपल्याकडे लोप पावली.

युरोपातही मार्ग सोपा नव्हता. पोप आठवे बोनिफास यांनी १२९९ साली काढलेला हुकूम पुष्कळदा शवविच्छेदनावरील बंदी म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात दूर देशी मेलेल्यांची शरीरे उकळून त्यांची हाडे मायदेशी नेण्याची जी चाल पडली होती, तिला तो आळा होता. १५४३ साली पादुआचे प्राध्यापक आंद्रेआस व्हेसालिअस यांनी आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला आणि स्त्री-पुरुषांच्या बरगड्या सारख्याच असतात हे निःसंदिग्धपणे मांडले. त्यांनी विद्यार्थिदशेत मिळवलेला पहिला सांगाडा फासावर लटकलेल्या एका गुन्हेगाराचा होता. ज्याला कोणी मागणारा नाही त्याच्या हाडांवर विद्या उभी राहावी, हा क्रम तेव्हापासूनच दिसतो.

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १८४५ साली भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू झाले. प्रेताचा स्पर्श निषिद्ध मानणाऱ्या समाजातील तरुणांनी तेथे विच्छेदनाची सुरी हाती धरली, हे धैर्य लहान नव्हते. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते, तसेच गोमंतकीय जुझे कामिल लिस्बोआ हेही होते. पुढे याच विद्यालयात शिकलेले डॉ. आकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील प्लेग ओळखला. आपल्या समाजाने त्यांचे नाव विसरू नये.

त्या प्लेगशी माटुंग्याचा जवळचा संबंध आहे. १८९० साली बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडावयास शहराने माटुंगा निवडले, इतकी ही जागा तेव्हा वस्तीबाहेर होती. प्लेगनंतर १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर-माटुंग्याची आखणी हाती घेण्यात आली. रुंद रस्ते, मोकळी पटांगणे, बागा आणि दोन इमारतींमध्ये उजेड-वारा खेळेल इतके अंतर हे तिचे सूत्र होते. माणसाची छाती पुरती फुलावी यासाठीच जणू हे नगर आखले गेले. परंतु नागपाड्यासारख्या ज्या दाट वस्त्यांतील घरे ट्रस्टने पाडली, तेथील गरीब बहुतांशी येथे आलेच नाहीत. येथले भाडे त्यांना परवडणारे नव्हते आणि त्यांचे कामही दूर होते. मोकळी हवा मध्यमवर्गाच्या वाट्यास आली. कोंदट खोल्यांत आणि गिरणीच्या कापूसधुळीत ज्यांच्या छात्या झिजल्या, ते मागेच राहिले.

माटुंग्याच्या दक्षिणेस परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय १९२५-२६ साली सुरू झाले. उत्तरेस शीव येथे लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालय १९६४ साली निघाले. म्हणजे आपली वस्ती दोन विच्छेदनगृहांच्या मध्ये वसलेली आहे. तेथील मेजांवर कोण येतात? १९४९ च्या मुंबई शारीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद केली. ज्याला शहराने जिवंतपणी श्वासाला पुरेशी जागा दिली नाही, त्याच्याच बरगड्या मोजून डॉक्टर आपल्या छातीला नळी लावावयास शिकले. मानवी सांगाड्यांचा तर आपल्या देशातून परदेशी व्यापारही चालत असे. सरकारने १९८५ साली त्या निर्यातीवर बंदी घातली.

हे ऋण कसे फेडावे? त्याच कायद्यानुसार आता स्वेच्छेने देहदानही करता येते. हयातीत महाविद्यालयाच्या शारीरशास्त्र विभागात अर्ज भरून ठेवावा आणि मुलाबाळांना विश्वासात घ्यावे, कारण अखेरीस देह सुपूर्द करावयाचा तो त्यांनीच. मृत्यूनंतर विलंब करून चालत नाही. अपघाती वा संशयास्पद मृत्यू असल्यास, अथवा काही संसर्गजन्य आजार असल्यास देह स्वीकारला जात नाही. ख्रिस्तसभेचा याला विरोध नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने वैज्ञानिक संशोधनासाठी होणारे शवविच्छेदन नीतिसंमत ठरू शकते असे म्हटले आहे आणि मरणोत्तर अवयवदान ग्राह्य मानले आहे. मृताच्या देहाचा आदर राखला जावा, एवढा तिचा आग्रह आहे. देह दिला तरी आत्म्यासाठी मिस्सा होतेच. पुनरुत्थान घडविणाऱ्या देवाला थडग्याचा पत्ता लागत नाही, असे आपण कधी मानलेले नाही.

प्रत्येक कुटुंबाने हा निर्णय घ्यावा असा आमचा आग्रह नाही. मात्र येत्या सर्व मृतांच्या दिनी आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावताना एक मेणबत्ती त्या निनावी माणसांसाठीही लावावी. त्यांना कबर मिळाली नाही. परंतु त्यांच्या हाडांवरून शिकलेल्या हातांनी आपल्यापैकी कित्येकांचा श्वास राखला आहे.